यादी चावडीवर लागू द्या : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर जिल्हा,


शासनाच्या तिजोरीतून शेतकऱ्याच्या नावे जी रक्कम निघते ती कोणाला पोहोचली, किती पोहोचली, आणि ज्याला पोहोचली नाही त्याला ती कोणत्या कारणास्तव नाकारली गेली, एवढा तपशील त्याच्या गावच्या चावडीवर व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हीच विनंती साध्या अर्जाने आपल्या आवक-जावक शाखेत देता आली असती. परंतु जो विषयच मुळी उघडेपणाचा, त्याचा अर्ज तरी झाकून का द्यावा, या विचाराने ती चारचौघांत मांडतो आहे.

विनंती सर्व पिकांना लागू आहे. तरी उदाहरण कापसाचे घेतो, आणि सोलापूरच्या माणसाने ते घेण्यास कारण आहे. या शहराची घडण कापसाने केली. 1870 च्या दशकात येथे जी पहिली कापड गिरणी उभी राहिली तिला जुन्या पिढीतले लोक अद्याप ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखतात. तिच्यामागून विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या, भोंग्यांवर शहराचे दिनमान ठरू लागले, आणि ते भोंगे एकामागून एक बंद पडल्यानंतरही चादरीचे व टॉवेलचे माग पूर्वभागात खडखडत राहिले. मात्र ज्या मालावर हे शहर पोसले गेले तो आता आपल्या जिल्ह्याच्या शिवारात तुरळकच दिसतो. ऊस, सोयाबीन, तूर, डाळिंब आणि द्राक्ष यांच्या दाटीत कापसाचे वावर शोधावे लागते. विदर्भात किंवा मराठवाड्यात कापूसवाल्याचे दुखणे हे अख्ख्या तालुक्याचे दुखणे असते, त्यावर मोर्चे निघतात, विधानसभेत लक्षवेधी लागते. आपल्याकडे एखाद्या गावात चार-दोन घरांनी कापूस लावलेला असतो, आणि त्यांतल्या एकाचे नाव यादीतून गळाले तर त्याच्या वतीने तोंड उघडणारे कोणी नसते. ज्याच्या मागे संख्येचे बळ नाही, त्याला कागदाचेच बळ हवे; म्हणून उघड्या यादीची गरज कापसाच्या जिल्ह्यांपेक्षा आपल्याकडच्या कापूसवाल्याला अधिक आहे, असे माझे मत आहे.

अलीकडचा प्रसंग आपल्या स्मरणात असेलच. 2023 च्या खरिपाचा माल बाजारात आला तेव्हा कापूस आणि सोयाबीन या दोहोंचे भाव कोसळले, आणि 29 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने त्या हंगामातील उत्पादकांना अर्थसाहाय्य देण्याचे ठरले. वीस गुंठ्यांच्या आत क्षेत्र असणाऱ्यास सरसकट 1,000 रुपये, त्याहून अधिक असल्यास हेक्टरी 5,000 रुपये, आणि तेही 2 हेक्टरांच्या मर्यादेत, असा तो हिशेब होता. एकूण तरतूद 4,194 कोटी 68 लाखांची. तीपैकी कापसाच्या वाट्याला 1,548 कोटी 34 लाख. 30 सप्टेंबर 2024 रोजी वाटपास आरंभ झाला. रक्कम थेट खात्यात जाणार असल्याने मध्यस्थ नाही, आणि मध्यस्थ नाही म्हणून गैरव्यवहारास जागा नाही, असे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. त्यातील पूर्वार्ध बव्हंशी खरा आहे. उत्तरार्धाविषयी मात्र निवेदन करावेसे वाटते.

मध्यस्थ गेला, तरी रकमेचा प्रवास सरळ झाला असे नाही. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद हवी, सातबाऱ्यावरील नाव आधारवरील नावाशी जुळावे, खाते आधारशी जोडलेले असावे, खातेदाराने आधारची माहिती वापरण्यास संमतीपत्र द्यावे, आणि खाते सामाईक असेल तर अन्य सहहिस्सेदारांनी आपली हरकत नसल्याचे लिहून द्यावे. या साऱ्या चौक्यांवरून रुजू होत गेलेले नावच अखेर बँकेपर्यंत पोहोचते. संमतीपत्रे गोळा करण्याचा हा कारभार एका गावात, पाराच्या कट्ट्यावर बसलेल्या कृषी सहायकाच्या शेजारी बसून मी पाहिला. त्याच्या मांडीवर यादीचा गठ्ठा होता, चहूबाजूंनी माणसे वाकून आपापले नाव शोधीत होती, आणि तो बिचारा प्रत्येकाचा गट क्रमांक विचारून नावासमोर बारीक टिंब करीत होता. एक वृद्ध बाई पुढे झाल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी आधारकार्डाची चौपदरी घडी केलेली झेरॉक्स काढली. नाव यादीत होते; परंतु पती वारल्यानंतर सातबाऱ्यावर चार वारसांची नावे लागली होती, एक मुलगा पुण्यास कामाला, एक मुलगी सासरी इंडीकडे, धाकटा तेवढा घरी. “चौघांच्या सह्या आणा, आजी,” असे तो सहायक अगदी मृदुपणाने म्हणाला, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पुढे त्या भेटल्या तेव्हा सह्या होऊन कागद केव्हाच गेले होते, पण पैसे आले नव्हते. महसूलवाले कृषीकडे बोट दाखवीत, कृषीवाले बँकेकडे, आणि बँक आधार-जोडणीकडे. त्यांची तक्रार हजार-पाच हजारांची नव्हतीच. “मिळणार नसतील तर नाही म्हणा, पण का नाही ते सांगा,” एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या एका वाक्यात विषयाचे सार आले आहे. सार्वजनिक पैशाच्या वाटपात पारदर्शकता हवी असे म्हटले की आपल्या मनात प्रथम लबाड माणूस उभा राहतो, नसलेल्या पिकाचे पैसे उचलणारा, आणि त्याला उघडा पाडावा म्हणून आपण यादी मागतो. तो हेतू योग्यच आहे. पण लबाड माणूस निदान दप्तरात तरी सापडतो, कारण त्याच्या नावे रक्कम खर्ची पडलेली असते. जो पात्र असून वगळला गेला तो दप्तरात कोठेच नसतो. त्याची नोंद नाही, त्याला नकाराचा हुकूम नाही, म्हणून त्याला अपील नाही. ज्यांना मिळाले त्यांची यादी गावाच्या उपयोगाची आहे. ज्यांना मिळाले नाही त्यांची, कारणासह असलेली यादी त्याहून अधिक उपयोगाची आहे, कारण न्याय मागण्याचा आरंभ तेथून होतो.

आपल्या व्यवस्थेत यासंबंधी जी विसंगती आहे ती आपल्या नजरेस आणून देणे अवश्य वाटते. जमीन कोणाची, हे आज महाभूलेखावर कोणालाही घरबसल्या पाहता येते. त्या जमिनीत कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, हे पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये लिहीत असे; 15 ऑगस्ट 2021 पासून ते शेतकरी स्वतः मोबाईलवरून छायाचित्रासह नोंदवू लागला, आणि तीही नोंद सातबाऱ्यावरच उमटते. म्हणजे मालकी उघड, क्षेत्र उघड, पीक उघड. झाकलेली आहे ती केवळ सरकारने दिलेली रक्कम. माणसाचे जे खासगी, ते सर्वांस खुले, आणि सर्वांचे जे सार्वजनिक, ते मात्र दप्तरात बंद, असा हा उलटा न्याय झाला आहे.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. केंद्राच्या आधी, 2002 सालीच माहितीच्या अधिकाराचा अधिनियम करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. 2005 च्या केंद्रीय अधिनियमातील कलम 4 प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अशी जबाबदारी टाकते की, अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, त्यांत किती रक्कम वाटली गेली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील त्याने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपण होऊन प्रसिद्ध करावा. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकाराच्या कलम 8 मधील खासगी माहितीविषयीची तरतूद आवळली, हे खरे. तथापि कलम 4 मधील हे कर्तव्य जसेच्या तसे राहिले आहे. म्हणून शेतकऱ्याने दहा रुपयांचा स्टॅम्प लावून, तीस दिवस वाट पाहून, मग प्रथम अपील करून जी माहिती मिळवावी, ती देण्यास शासन आजही स्वतःहून बांधलेले आहे.

शिवाय मी काही अपूर्व मागत नाही. दुष्काळाची पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि अखेर अंतिम, अशा क्रमाने जाहीर करण्याचा शिरस्ता महसूल खात्यात किती पिढ्यांपासून चालत आलेला आहे हे मी आपणांस सांगावे असे नाही. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी 24 फेब्रुवारी 2020 रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक देऊन त्या याद्या ग्रामपंचायतीत, बँकांत आणि सेवा केंद्रांत लावल्या गेल्या. रकमेविषयी ज्याची हरकत असेल त्याने ती नोंदवावी, आणि निवाडा जिल्हास्तरीय समितीने करावा, अशी तजवीज होती. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची गावनिहाय यादी तर कोणीही पाहू शकतो. कर्जासारख्या अब्रूच्या बाबतीत यादी भिंतीवर लागली आणि गावे शाबूत राहिली, तर कापसाच्या हेक्टरी पाच हजारांनी गावाचे काय बिघडणार?

कापूस उत्पादकाच्या मनात सरकारी हिशेबाविषयी जो अविश्वास आहे त्याला इतिहास आहे, आणि तो लक्षात घेतल्यावाचून या मागणीची तीव्रता कळणार नाही. 1972-73 च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस पणन महासंघालाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, आणि अंतिम भाव गाठी विकल्या गेल्यावर कळायचा. केंद्रावर गाडी लावून दिवसचे दिवस ताटकळायचे, प्रतवारीत काय लागेल ते लागेल, आणि चुकारा केव्हा होईल तो होईल, अशी ती रीत होती. उत्पादकाच्या पैशातून भांडवल निधीसाठी कपातही होत असे. ती योजना शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीतून सोडवण्यासाठी होती, आणि काही वर्षे तिने भावाचा आधारही दिला. पण आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब आपल्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगत नाही, ही भावना तिने एका पिढीच्या मनात कायमची रुजवली. पुढे 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पीक गेले. त्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी 30,800 आणि बागायतीला 37,500 रुपयांची मदत जाहीर झाली. त्या आकड्याच्या पोटात तीन आकडे होते : आपत्ती निधीतून अनुक्रमे 6,800 आणि 13,500, पीक विम्यातून 8,000 आणि बियाणे कंपन्यांकडून 16,000. शेतकऱ्याच्या कानावर बेरीज पडली. हाती आला तो प्रामुख्याने पहिला हिस्सा, तोही हप्त्याहप्त्याने, आणि कंपन्यांकडील रक्कम वादांत अडकली. बाकीचे पैसे मधल्या मधे कोणीतरी खाल्ले असा समज गावोगाव पसरला, तो दूर करण्यास एक कागद पुरेसा होता, आणि तो कागद कोठेही लागला नाही.

गैरव्यवहार घडतच नाहीत असेही नाही. 2025 मध्ये जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानातील कोट्यवधींचा अपहार उघडकीस आला. जमीन नसलेल्यांची नावे, एकाच नावाची दुबार नोंद, वाढवून दाखवलेले क्षेत्र, असे त्याचे स्वरूप होते, आणि कित्येक महसूल कर्मचारी निलंबित झाले. तेथेही रक्कम थेट खात्यातच गेली होती, हे ध्यानात घ्यावे. संगणक दिलेल्या नावाच्या खात्यात पैसे बिनचूक टाकतो. ते नाव त्या गावच्या शिवारात कधी नांगर घेऊन गेले होते काय, हे त्याला ठाऊक नसते. गावाला असते. कोणाच्या बांधाला कापूस होता, कोणी तो मधेच उपटून हरभरा पेरला, कोणाची जमीन तीन वर्षे पडीक आहे, हे जाणण्यासाठी गावाला उपग्रहाची गरज पडत नाही. 2 डिसेंबर 1994 रोजी राजस्थानातील कोटकिराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा सरकारी कामांवरील हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले, आणि कागदोपत्री मजुरी घेतलेली माणसे प्रत्यक्षात त्या कामावर गेलीच नव्हती, हे ऐकणाऱ्यांनी तेथल्या तेथे सांगितले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आपल्या जिल्ह्याला हजेरीपट म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागणार नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप खासगीपणाचा. अमेरिकेत शेतीअनुदान घेणाऱ्यांची नावे व रकमा एका स्वयंसेवी संस्थेने 2001 च्या सुमारास सर्वांस पाहता येतील अशा मांडल्या, आणि मोठा वाटा मोठ्या जमीनदारांकडे जातो हे त्या देशाला आकड्यांनिशी दिसले. युरोपात मात्र 9 नोव्हेंबर 2010 रोजी तेथील न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यक्तिशः शेतकऱ्यांची नावे सरसकट प्रसिद्ध करणे हे साध्याच्या मानाने अतिरेकी आहे; त्यानंतर तेथील कायदा बदलला आणि लहान रकमा घेणाऱ्यांची नावे झाकून उरलेली प्रसिद्ध होऊ लागली. हा तोल आपणही साधू शकतो. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल, जात, यांपैकी काहीही फलकावर येता कामा नये. नाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, रक्कम, आणि नसल्यास कारण. एवढ्यावर यादी थांबावी.

दुसरा आक्षेप भाऊबंदकीचा : यादी लागली की सामाईक खात्यांवरून घरोघर भांडणे लागतील. भांडणे आजही आहेतच. फरक एवढाच की आज ती कुजबुजीवर चालतात आणि त्यांना शेवट नसतो. यादी लागली, हरकतीची मुदत ठरली, म्हणजे भांडणाला निदान अर्जाचे रूप येते आणि त्याचा निकाल लागू शकतो. ग्रामसभेविषयीही मी भाबडा नाही. कोरम कसे भरतात आणि कोणाच्या वाड्यातून ठराव येतात, हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकास माहीत असते. म्हणूनच केवळ ग्रामसभेतील वाचन पुरेसे मानू नये. ज्याला सभेत बोलण्याची छाती होत नाही त्याला भिंतीवरचा कागद एकट्याने वाचता आला पाहिजे.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे, त्यात पंचनामे, निवडणुका, दाखले; सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळकडच्या गावांत या माणसांनी चिखल तुडवीत काय काम केले ते जिल्ह्याने पाहिले आहे. त्यांच्यावर आणखी एक भार टाकावा, असे मी म्हणणार नाही. परंतु ही यादी कोणाला नव्याने लिहावयाची नाही. ज्या संगणकाने रक्कम वळती केली त्याच्यापाशी मंजूर, नामंजूर आणि प्रलंबित यांची कारणांसह नोंद असलीच पाहिजे, नाहीतर त्याने ठरवले कशाच्या आधारे? ती गावनिहाय छापून लावावयाची, एवढेच.

पैशाप्रमाणे वस्तुरूप मदतीचाही हिशेब असाच उघडा व्हावा. कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेतील फवारणी पंप आणि कापूस साठवणुकीच्या पिशव्या यांच्या खरेदीवरून 2025 मध्ये मोठा वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि न्यायालयाने याचिका फेटाळली. निर्णय झाला, तो शिरोधार्य आहे. पण पिशवी काय दराने घेतली आणि आपल्या गावात ती कोणाला दिली, हे आधीच गावच्या फलकावर असते, तर संशय बाळगणाऱ्यांना आणि निर्दोष ठरलेल्यांना, दोघांनाही न्यायालयाची पायरी चढण्याचे बरेचसे कारण उरले नसते. उघडी यादी प्रामाणिक अधिकाऱ्याचे कवच आहे, ही गोष्ट अधिकाऱ्यांनी तरी विसरू नये.

तेव्हा माझी सूचना अशी. कापसाच्या संबंधाने यापुढे जे कोणते अर्थसाहाय्य वा नुकसानभरपाई या जिल्ह्यात वाटली जाईल, त्याची तात्पुरती यादी वाटपापूर्वी आणि अंतिम यादी वाटपानंतर प्रत्येक गावी लावावी. प्रत्येक नामंजूर नावापुढे कारण सामान्य माणसास कळेल अशा मराठीत लिहावे, ‘तांत्रिक त्रुटी’ अशी कोणतीही सबब भरता येणारी शब्दयोजना टाळावी. हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेत. आणि हरकतीचा निकाल कोणत्या मेजावर, कोणत्या तारखेपर्यंत होईल, ते यादीच्याच पायथ्याशी छापावे. आरंभ कापसापासून करा असे सुचवण्यामागे हेतू आहे. आपल्या जिल्ह्यात कापसाची यादी लहान आहे. जेथे यादी लहान, तेथे अडचणीची सबब चालत नाही, आणि एका हंगामात ही रीत बसली तर पुढे सोयाबीनला, कांद्याला, पुराच्या मदतीला ती लावताना आपल्यापाशी अनुभव असेल.

या यादीने कापसाला भाव मिळणार नाही, हे मी जाणतो. हमीभाव आणि बाजारभाव यांतील दरी, आयातशुल्काचे चढउतार, भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रांवरील ओलाव्याचे वाद, हे प्रश्न मुंबई-दिल्लीत सुटावयाचे. ते आपल्या अधिकाराबाहेरचे आहेत. हेक्टरी पाच हजार हे काही त्या प्रश्नांचे उत्तर नव्हे. परंतु जी रक्कम द्यावयाची ठरली ती देताना शेतकऱ्याला याचक न मानता खातेदार मानावे, आणि खातेदाराला हिशेब द्यावा, हे सर्वस्वी आपल्या सहीच्या कक्षेत आहे.

ही विनंती आपणांस मान्य झाली तर तसा आदेश तहसीलदार व तालुका कृषी अधिकाऱ्यांना निघावा. मान्य नसेल तर तसेही कळवावे. मात्र कृपया कारणासह कळवावे, कारण नाकारल्या गेलेल्याला नाकारण्याचे कारण कळले पाहिजे, एवढेच तर या पत्राचे मागणे आहे.

कळावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक सोलापूरकर